सही कुठं करायची एवढंच मराठीत सांगता, बाकीचंही सांगा

प्रति,
मनुष्यबळ विभाग, म्हणजे गेल्या दिवाळीपासूनचा ‘पीपल अँड कल्चर’ विभाग,
आमची कंपनी, वाळूज औद्योगिक वसाहत.
आणि चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर इथल्या एमआयडीसींत याच खुर्चीवर बसणाऱ्या सगळ्यांना.

साहेब, मॅडम, नमस्कार.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटातलं लिहून झालं. एप्रिलपासून तुम्हाला दोन मेल केले. पहिल्याला ‘नोटेड’ असं एका शब्दाचं उत्तर आलं. दुसऱ्याला आलं, ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’. ऑफलाइन म्हणजे समोरासमोर बसून बोलू, असा अर्थ मी धरला आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तुमच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी अकाउंट्समधल्या एका पोरानं समजावलं, ‘भाऊ, त्याचा अर्थ विषय मिटवा असा असतो.’ आयटीआय झालेल्या, एकोणीस वर्षं रोज इंग्रजी ड्रॉइंग वाचणाऱ्या सुपरवायझरला तुमचं चार शब्दांचं वाक्य कळत नसेल, तर माझ्या लाइनवरच्या चौतीस माणसांचं काय होत असेल?

मी मूळचा गेवराई तालुक्यातला, आता बजाजनगरात राहतो. कागदावर माझं काम दुचाकीच्या ब्रॅकेटची लाइन चालवणं. खरं काम दुभाष्याचं. वरून शब्द येतो, मी तो लाइनवर नेतो, तिथं कुणीतरी विचारतं, ‘म्हंजे काय ओ?’ आणि मी जमेल तसा अर्थ लावतो. त्यातला एक अर्थ मी चुकीचा लावला. त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली. त्याबद्दल पुढं लिहितोच, तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

निमित्त मात्र 1 जूनच्या परिपत्रकाचं. ‘वन टीम, वन लँग्वेज’ अशा मथळ्याखाली तुम्ही साठ शब्दांची यादी कॅन्टीनमधे लावली: ओनरशिप, बँडविड्थ, अलाइनमेंट, सिनर्जी, डीप डाइव्ह, लो हँगिंग फ्रूट. सुपरवायझर लोकांनी रोज सकाळच्या ‘हडल’मधे हे शब्द वापरायचे आणि ते किती वापरले याला वार्षिक मूल्यमापनात दहा गुण. रिजेक्शन कमी केल्याचे पंधरा आहेत. म्हणजे खराब माल निम्म्यावर आणायचा आणि ‘सिनर्जी’ म्हणायचं, यांत फरक पाच गुणांचा.

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला भाषाशुद्धीवाला म्हणून बाजूला सारणार नाही. परक्या शब्दांशी माझं वाकडं नाही. शिफ्ट, ओटी, गेज, फिक्श्चर हे शब्द काढले तर मला लाइन चालवता यायची नाही. आमच्याकडं ‘जॉब’ म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा. ‘जॉब गेला’ म्हटलं की पोरं रिजेक्शनच्या लाल पेटीकडं बघतात. जपानी शब्दसुद्धा आम्ही पचवले आहेत. कायझेन, गेंबा, फाइव्ह एस. दहावी नापास माणूससुद्धा ‘पोका-योके करा ना तिथं’ असं सहज म्हणतो.

तो शब्द कसा रुजला ते बघा. स्टेशन चारवर ब्रॅकेट उलटं बसायचं. दोन्ही टोकं जवळपास सारखी दिसायची, त्यामुळं पाळी संपत आली आणि डोळे जड झाले की दहा-बारा नग उलटे वेल्ड होऊन निघायचे. मग प्रशिक्षणाला आलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं बूट काढून फिक्श्चरशेजारी, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याशेजारी, मांडी घातली, एका बाजूला सहा एमएमची पिन बसवून घेतली आणि मला ब्रॅकेट उलटं लावायला सांगितलं. बसेचना. ‘याला पोका-योके म्हणतात,’ ते म्हणाले. शब्द आला तो पिनेसकट आला. जेवताना त्यांनी त्या नावाची गोष्टही सांगितली. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरनं 1960 च्या दशकात ही पद्धत मांडली, तेव्हा तिला ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खाच्या हातून चूक होऊ नये म्हणून केलेली सोय. एका कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ते लागलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून. शिंगोंनी नाव बदललं. पोका म्हणजे नजरचूक, जी तुमच्याकडूनही होते आणि माझ्याकडूनही. एका कामगाराला वाईट वाटलं म्हणून जगभरच्या कारखान्यांतला शब्द बदलला, ही गोष्ट मला तुमच्या साठ शब्दांपेक्षा जास्त शिकवून गेली.

तुमचे शब्द पिनेशिवाय येतात. पडद्यावर येतात, बाण आणि गोल काढलेले असतात, आणि पुढच्या महिन्यात दुसरे येतात. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. बँडविड्थ हर्ट्झमधे मोजतात एवढं मला ठाऊक आहे. नव्या मॅडमनी हडलमधे आमच्या वेल्डरला विचारलं, ‘आज तुमची बँडविड्थ कशी आहे?’ त्यानं खिशातला मोबाइल काढून बघितला आणि म्हणाला, ‘दीड जीबी ऱ्हायलंय मॅडम.’ सगळे हसले, मॅडमही हसल्या. पण त्यांना विचारायचं होतं की आज ओव्हरटाइमला थांबाल का. एवढं सरळ विचारलं असतं तर तो थांबला असता.

‘टाउन हॉल’चंही तसंच. तुमच्या भाषेत ती साहेबांनी सगळ्यांसमोर बोलायची कंपनीतली बैठक. सूचना लागली, ‘शनिवारी चार वाजता टाउन हॉल, सर्वांनी उपस्थित राहावे’. कॉन्ट्रॅक्टवर नवीन लागलेला फुलंब्रीचा पोरगा पाळी सुटल्यावर रिक्षा करून शहरातल्या टाउन हॉलला गेला आणि उड्डाणपुलाखाली पाऊण तास उभा राहिला. त्याचा त्या दिवसाचा शेरा काय होता सांगू? ‘लॅक ऑफ एंगेजमेंट’. रिक्षाचे पैसे मी दिले.

आणि गेल्या टाउन हॉलमधे प्लँट हेड साहेब बोलत असताना मागून कुणीतरी ‘लाइन!’ म्हणून ओरडलं, त्याची चौकशी अजून चालू आहे म्हणे. चौकशी थांबवा, मी सांगतो. पोरांनी तांबोल्याची तिकिटं केली होती. आकड्यांच्या जागी तुमचे शब्द. साहेब एकेक शब्द बोलत गेले, पोरं खोडत गेली. ‘गोइंग फॉरवर्ड’ला एकाची मधली ओळ पुरी झाली आणि तो बैठकीत आहे हे विसरला. बक्षीस एक चहा आणि एक क्रीमरोल. माझी मुलगी सांगत होती, अमेरिकेतल्या कंपन्यांत 1990 च्या दशकातच हा खेळ ‘बझवर्ड बिंगो’ म्हणून चालायचा. म्हणजे आमची पोरं काही उद्धट नाहीत, तीस वर्षं मागं आहेत एवढंच. माझ्याकडंही एक तिकीट होतं.

इथवर हसण्यावारी नेलं. आता ज्या गोष्टींचं हसू येत नाही त्या लिहितो.

पहिली, माणसाला काय म्हणायचं ती. तुमच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात आमच्या लाइनसमोर लिहिलंय ‘रिसोर्स 34.5’. हा अर्धा कोण, म्हणून मी विचारलं. उत्तर मिळालं, जो आठवड्यात तीन दिवस दुसऱ्या लाइनला जातो तो. साहेब, मी बीड जिल्ह्यातला आहे. माझे आई-वडील तेरा हंगाम ऊस तोडायला गेले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, हिशोब कोयत्यावर होतो, आणि नवरा गेलेली बाई एकटी टोळीत आली तर ती अर्धा कोयता. आई आजारी पडली की खाडा लागायचा, आणि वडील म्हणायचे, ‘आज आपण अर्धाच कोयता.’ त्या फडातून बाहेर पडावं म्हणून मला वसतिगृहात ठेवलं, आयटीआय केलं, वाळूजला धाडलं. आणि इथं वातानुकूलित खोलीतल्या तक्त्यावर पुन्हा अर्धा माणूस बघतो. फडावरचा शब्द निदान खोटं बोलत नव्हता. टोळीत सगळ्यांना माहीत असायचं की इथं माणूस मोजत नाहीत, हत्यार मोजतात. तुम्ही मात्र भिंतीवर ‘आमची माणसं हीच आमची संपत्ती’ लिहिता आणि तक्त्यात साडेचौतीस लिहिता. ‘असोसिएट’ म्हणा, ‘पार्टनर’ म्हणा, त्यानं पगार वाढत नाही की कॅन्टीनची भाजी बदलत नाही. आम्हाला कामगार म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी, दोष देण्याचे शब्द. ‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्द 2022 साली टिकटॉकवरून जगभर गेला. टिकटॉक आपल्याकडं 2020 पासून बंद आहे, पण शब्द बरोबर वाळूजला पोचला. ठरलेलं काम करायचं, त्याच्यापलीकडं जीव काढायचा नाही, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारीच्या अहवालात तुम्ही लिहिलं की आमच्या दुसऱ्या पाळीत क्वाएट क्विटिंगची लक्षणं दिसतात, पोरं पाळी संपायच्या पाच मिनिटं आधीपासून गेटकडं बघतात. बघतात, खरंय. कारण जानेवारीत ‘रूट ऑप्टिमायझेशन’ म्हणून तुम्ही रात्रीची दुसरी बस बंद केली. एकच बस उरली. ती चुकली तर रांजणगाव, कमळापूरपर्यंत रात्री बाराला पायी, आणि रस्त्यावर कुत्री. एका शब्दानं बस काढली आणि दुसऱ्या शब्दानं पोरांना कामचुकार ठरवलं. दोन्ही शब्द एकाच टेबलावरून निघाले, हे तुमच्याही लक्षात आलं नसेल.

‘मूनलाइटिंग’बद्दल तर काय बोलावं. आयटी कंपन्यांत हा शब्द 2022 मधे गाजला. विप्रोनं तेव्हा 300 जणांना काढलं होतं, ते त्याच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करत होते म्हणून. त्यांचं ते. पण मशीन लावून देणाऱ्या आमच्या सेटरला ‘मूनलाइटिंगचा संशय’ म्हणून समज दिली, त्याचा गुन्हा काय, तर साप्ताहिक सुट्टीला तो गावी जातो आणि सोमवारी डोळे तांबारलेले असतात. त्याची अडीच एकर आहे. रब्बीत शेतीला लाईट रात्रीची असते. रात्री दहाला मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत गव्हाला दारं धरायची. तुमच्या शब्दाचा शब्दशः अर्थ तोच होतो म्हणा, चांदण्यात काम. पण ते घरचं रान आहे, प्रतिस्पर्धी कंपनी नव्हे. मराठवाड्यातल्या कारखान्यात ज्याच्या घरी रान नाही असा माणूस शोधून दाखवा. सोयाबीनच्या काढणीला रजा मागितली की ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर व्याख्यान मिळतं, रजा मिळत नाही.

तिसरी, पगाराची. भरतीच्या वेळी तुम्ही ‘सीटीसी’ सांगता, म्हणजे एका माणसावरचा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, तीन लाख. पोरगं घरी फोन करून सांगतं, महिन्याला पंचवीस हजार. बाप गावात सांगतो. पहिल्या पगाराला हातात येतात साडेसतरा. मधले कुठं गेले? कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी त्यातच, ग्रॅच्युइटीची तरतूद त्यातच, बोनस त्यातच, आणि ‘व्हेरिएबल’ नावाचे दोन हजार, जे मिळाले तर मिळाले. ग्रॅच्युइटीचं तर पोराला पाच-पाच वर्षं दर्शन होत नाही, पण ती पगारात मोजलेली. आमच्याकडं सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. इतके रुपये, इतकी पोती ज्वारी, दोन धोतरं, एक जोड चपला. पारावर चार माणसांसमोर बोललं जातं आणि दोघांनाही पाठ असतं. सालगड्याचं जिणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. माझा चुलता सालगडी होता, मला माहीत आहे कसं होतं ते. पण काय मिळणार हे त्याला पाडव्यालाच कळायचं.

आता चौथी. ही मला बाकीच्या तिन्हींपेक्षा जड आहे.

27 फेब्रुवारीला तुम्ही मराठी भाषा गौरव दिन केला. गेटजवळ सेल्फीची कमान, मॅडम नऊवारीत, साहेब फेट्यात. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला त्याचा फलक होता. मीही फेटा बांधून फोटो काढला, तो माझ्या मोबाइलमधे आहे. त्याच्या पुढच्याच मंगळवारी, 3 मार्चला, आमच्या मामांना तुमच्या खोलीत बोलावणं आलं. त्यांचं नाव लिहीत नाही. लाइनवर सगळे त्यांना मामाच म्हणतात. पैठण तालुक्यातले, चोविसावं वर्ष, प्रेसवर बसणारे. मला ‘सपोर्ट पर्सन’ म्हणून सोबत बसवलं. टेबलावर चार पानांचा इंग्रजी कागद. वर लिहिलेलं, ‘करिअर ट्रान्झिशन कॉन्व्हर्सेशन’. आत ‘म्युच्युअल अलाइनमेंट’, ‘व्हॉलंटरी’, ‘न्यू चॅप्टर’. सही करायची तिथं तिथं पिवळ्या चिकटपट्टीचे छोटे बाण लावलेले. मॅडम फार गोड बोलल्या. मराठीतच बोलल्या. ‘मामा, इथं एक सही. आणि इथं. आणि शेवटच्या पानावर एक.’

मामांनी माझ्याकडं बघितलं. ‘काय म्हनतोय कागद?’

मी कागद वाचला होता. शब्द सगळे ओळखीचे होते. ट्रान्झिशन म्हणजे एकीकडून दुसरीकडं जाणं. मामांच्या गुडघ्याचं दुखणं जुनं, प्रेसवरून स्टोअरला बदली द्या म्हणून त्यांनी दिवाळीतच अर्ज दिला होता आणि तो माझ्याच सहीनं वर गेला होता. मी म्हणालो, ‘मामा, बदलीचं दिसतंय. दुसऱ्या खात्यात.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, ‘स्टोअरला असंल. बरं झालं, बसून तरी ऱ्हाता येईल.’ आणि सह्या केल्या. हळूहळू, पूर्ण नाव लिहून.

दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या, म्हणजे आपल्या वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरच्या दुकानातून ते अर्धा किलो पेढे घेऊन आले. लाइनवर वाटले. एक पेढा तुमच्या केबिनमधेही आला होता. कुणी खाल्ला मला माहीत नाही.

1 एप्रिलला सकाळी सव्वासहाला गेटवर मामांचं कार्ड पंचिंग मशीनला लावलं तर लाल दिवा लागला. त्यांनी कार्ड शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मागं रांग लागली. वॉचमन ओळखीचा, त्याला वाटलं मशीन बिघडलं, त्यानं स्वतःचं कार्ड लावून बघितलं. हिरवा. मग आतून फोन आला आणि वॉचमन मामांना म्हणाला, ‘मामा, जरा बाजूला बसा.’ ते साडेदहापर्यंत बसून होते. डबा सोबत होता.

लाइनवर मी सांगितलं, मामांचा जॉब गेला. एका नव्या पोरानं लाल पेटीकडं पाहिलं.

कंपनीला माणसं कमी करायची होती, असेल. ऑर्डर कमी झाल्यात हे मलाही दिसतं. पैसे किती मिळाले, कायद्यात बसतात की नाही, ते मामांचे वकील बघतील. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या खोलीत ‘मामा, कंपनी तुम्हाला काढत्येय’ हे चार शब्द कुणीच उच्चारले नाहीत. ते उच्चारले असते तर मामांनी सही केली नसती. निदान घरी विचारून करतो म्हणाले असते, मुलाला दाखवला असता कागद. म्हणजे ते शब्द टाळण्यात तुमची सोय होती. आणि मी सोबत होतो म्हणून ती सोय पुरी झाली. सोप्या भाषेत कागद असता तर माझी गरजच नव्हती. अवघड भाषेत होता म्हणून मध्ये माणूस लागला आणि तो माणूस चुकला. मामा मला काही बोलले नाहीत. ‘तुला तरी काय ठावं,’ एवढंच म्हणाले. ते मला शिवीपेक्षा वाईट लागलं.

माझ्या आजोबांच्या पेटीत जमिनीचा एक कागद होता, निजामाच्या राजवटीतला, उर्दूत. आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत असे कागद अजून आहेत. आजोबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कागद वाचायला ते गेवराईच्या मुन्शीकडं चालत जायचे, जाताना गुळाची ढेप न्यायचे. मुन्शी सांगेल तो अर्थ. एका वर्षी त्यानं सांगितलं ते एक आणि निघालं दुसरंच, आणि बांधालगतचा तुकडा गेला. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. आजोबा सांगायचे, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता कागद आपल्या भाषेत येईल आणि मुन्शीला गूळ द्यावा लागणार नाही. 3 मार्चला तुमच्या खोलीतून बाहेर पडताना मला आजोबा आठवले नाहीत. एप्रिलमधे आठवले. त्यांच्या गोष्टीतला मुन्शी आता मी आहे.

आणि हे काही मी जगावेगळं मागत नाही. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात लिहिलेलं होतं की नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत गेटजवळ लावायचे. 1948 च्या कारखाना कायद्यातही सूचनांबद्दल तेच. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्यात, कलमांचे आकडे बदलले. पण ज्यांनी ते जुने कायदे केले त्यांना ऐंशी वर्षांपूर्वी कळलं होतं की कामगाराला न कळणारी सूचना म्हणजे सूचनाच नव्हे. सेल्फीची कमान त्यांच्याकडं नव्हती.

तर माझ्या मागण्या. मामांचा कागद मागं घ्या. त्यांना पुन्हा बोलवा, मुलासोबत बोलवा, मराठीत सांगा काय ठरलंय ते, आणि मग त्यांना हो किंवा नाही म्हणू द्या. ही पहिली, आणि ही झाली नाही तर बाकीच्यांना अर्थ नाही. यापुढं ज्या कागदावर कामगाराची सही घ्यायची तो मराठीत असावा, सही करायच्या आधी किमान सात दिवस घरी नेऊ द्यावा, आणि कामावरून काढायचं असेल तर त्यात ‘कामावरून काढणे’ हेच शब्द असावेत. ट्रान्झिशन नको, राइटसायझिंग नको, नवा अध्याय तर मुळीच नको. नेमणूकपत्राच्या पहिल्या ओळीत महिन्याला हातात किती पडणार तो आकडा लिहा, सीटीसी खाली लिहा. तक्त्यातून अर्धा माणूस काढा. सेटरला दिलेली समज रद्द करा आणि रात्रीची दुसरी बस चालू करा, तिला काय नाव द्यायचं ते द्या. साठ शब्दांचे दहा गुण रिजेक्शनला जोडा.

आणि मला दुभाष्याच्या कामातून मोकळं करा. यापुढं कुठल्याही खोलीत मी दुसऱ्याच्या कागदाचा अर्थ सांगणार नाही. कागद मराठीत असेल तर मोठ्यानं वाचून दाखवीन, त्यात एक शब्दही माझ्या पदरचा घालणार नाही. याला ‘इनसबॉर्डिनेशन’ म्हणतात हे मला माहीत आहे. त्याचा अर्थ मी शब्दकोशात बघितलाय.

या पत्रानंतर मलाही बोलावणं येईल, पिवळे बाण लावलेला कागद येईल, अशी घरी चर्चा झाली आहे. मुलगी बारावीला आहे, ती म्हणाली, कागद आला तर फोटो काढून पाठवा, मी बघते. बायको म्हणाली, पेढे मात्र आणू नका.

उत्तर मेलवर नको. मराठीत लिहून कॅन्टीनशेजारच्या फळ्यावर लावा. गेटवरच्या फळ्याला काच आहे आणि तिची किल्ली तुमच्याकडं असते. कॅन्टीनशेजारचा उघडा आहे, तिथं पहिल्या पाळीचे लोक साडेनऊला चहाला येतात. उभं राहून वाचतील.

आपला,
एक लाइन सुपरवायझर,
वाळूज